पत्रा उतरवण्यापूर्वी

(सिनेगॉगच्या सभागृहात रविवारी सकाळी झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



गेल्या आठवड्यात सुटीवर घरी आलो आणि आपल्या फलकावरील एक सूचना वाचली. मागील अंगणातील स्वयंपाकाच्या शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे तरुण मंडळींनी श्रमदानाने उतरवावेत, येताना हातोडे व पहारी आणाव्यात, असे तीत लिहिले होते. हेतू निर्मळ होता. पैसा वाचवण्याची काळजीही रास्त होती. तरीही मी त्या फलकापुढे बराच वेळ उभा राहिलो. मग सचिवसाहेबांना विनंती केली की, श्रमदान पुढे ढकलावे आणि मला थोडा वेळ बोलू द्यावे. त्यांनी दोन्ही मान्य केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मी सिंगापुरात नोव्हेना भागात राहतो. उष्णतारोधक आवरणे बसवणाऱ्या आणि अ‍ॅसबेस्टॉस काढणाऱ्या एका कंपनीत सोळा वर्षे सुरक्षा अधिकारी आहे. नोव्हेना हे नाव थॉमसन रोडवरील कॅथलिक चर्चमधल्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेवरून पडले. आज तो भाग टान टॉक सेंग आणि इतर रुग्णालयांसाठी ओळखला जातो. त्याच रस्त्यावर एकेकाळी यहुदी दफनभूमी होती. १९८० च्या दशकात तेथील कबरी चोआ चू कांग येथे हलवण्यात आल्या. आज त्या भागात भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. तेथून जाताना मला वाटते, जुने ते हलवावे लागतेच. कसे हलवायचे, एवढेच आपल्या हाती असते.

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील मुंबईतील एका गिरणीच्या बॉयलरखान्यात लॅगिंगचे काम करीत. भुकटी पाण्यात कालवायची, वाफेच्या नळांवर हाताने लिंपायची, वरून कापड गुंडाळायचे. आणि जुने आवरण निघाले की तोडून खाली टाकायचे. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर पिठासारखी धूळ असे. आई दारातच त्यांचा सदरा झटकी आणि मग धुवायला घेई. आम्ही मुले तेथेच खेळत असू.

वडील वयाच्या ७८ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. आई त्यांच्या आधी, ६४ व्या वर्षी गेली. तिला मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी विचारले, "यांचा अ‍ॅसबेस्टॉसशी कधी संबंध आला होता का?" आम्ही सर्वांनी एकमुखाने नाही म्हटले. ती तर गिरणीच्या फाटकाच्या आत कधी गेलीच नव्हती. या व्यवसायात आल्यानंतर, पहिल्याच प्रशिक्षणात, कामगारांचे कपडे घरी धुण्याविषयीचा धडा आला आणि मला त्या प्रश्नाचे खरे उत्तर कळले. वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना ते कधीच सांगितले नाही. आज चारचौघांत प्रथमच बोलत आहे.

अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू इतके सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नाही, ते घशात खवखवत नाहीत. श्वासाबरोबर आत गेलेले काही तंतू शरीराला बाहेर टाकता येत नाहीत आणि विरघळवताही येत नाहीत. मेसोथेलिओमा दिसू लागण्यास बहुधा २० ते ५० वर्षे लागतात. म्हणूनच "आम्ही आयुष्यभर हेच काम केले, आम्हांला काय झाले?" हा प्रश्न फसवा आहे. आज हातोडा मारणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला उत्तर मिळेल ते तो आजोबा झाल्यावर.

सिंगापुरात इमारतीच्या साहित्यात अ‍ॅसबेस्टॉस वापरण्यास १९८९ साली बंदी झाली. १ मे २०१४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार १९९१ पूर्वी बांधलेली इमारत पाडण्याआधी वा तिची दुरुस्ती करण्याआधी जाणकाराकडून पाहणी करून घ्यावी लागते, आणि अ‍ॅसबेस्टॉस काढण्याचे काम मान्यताप्राप्त कंत्राटदारच करू शकतो. पण कायद्याने सर्व काम होत नाही. शेजाऱ्यांचे डोळेही लागतात.

नोव्हेनाजवळील जुन्या दुकानघरांच्या एका ओळीत मागच्या स्वयंपाकघरांचे पत्रे काढायचे होते. आमच्या रिवाजाप्रमाणे काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्यांना बोलावले. एका वृद्ध चिनी आजींनी विचारले, "धोका नसेल तर तुमची माणसे मुखवटे का घालतात? आणि असेल तर आम्हांला मुखवटे का नाहीत?" याहून नेमका प्रश्न मला कोणा निरीक्षकानेही विचारलेला नाही. मी त्यांना सांगितले की, पत्रा भिजवून, खिळे अलगद सोडवून अखंड उतरवला तर धूळ फारशी उडत नाही. माणसे पत्र्याला हात लावतात म्हणून त्यांना मुखवटा. आणि कुंपणापाशी हवा तपासून तिचे आकडे आम्ही रोज फाटकावर लावू. आजी रोज येऊन ते आकडे वाचीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दाखवून दिले की, बांधून ठेवलेल्या एका गठ्ठ्याचे प्लास्टिक कोपऱ्यात फाटले आहे. आम्ही काम थांबवले आणि गठ्ठा पुन्हा बांधला. फाटके प्लास्टिक माझ्या नजरेतून सुटले होते, हे मी तेथेच कबूल केले.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त इस्राएलमध्ये आहेत. तेथे पश्चिम गॅलिलीत नहारियाजवळच्या कारखान्यातील अ‍ॅसबेस्टॉसचा टाकाऊ माल लोकांनी वर्षानुवर्षे वाटा आणि अंगणे भरण्यासाठी नेला. २०११ साली कायदा करून तो शोधून काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. भारतात हे पत्रे आजही विकले जातात. मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि अ‍ॅसबेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपण्याचा आदेश दिला. माझ्या वडिलांची अशी कोणतीच नोंद नव्हती.

नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा कर, अशी आज्ञा देवारीमच्या पुस्तकात आहे. पडणाऱ्याला घरमालकाने ढकललेले नसते; तरीही कठडा नसल्याचा दोष त्याचाच. आपल्या शेडच्या बाबतीत तर ही आज्ञा शब्दशः लागू पडते. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचा भार सहसा पेलत नाही. धुळीने होणारे नुकसान तीस वर्षांनी दिसेल, पण पत्र्यावर पाय दिलेला मुलगा त्याच क्षणी खाली येईल.

म्हणून समितीला माझ्या नम्र सूचना अशा. प्रथम पत्र्यांचा नमुना जाणकार माणसाकडून घेऊन प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. उत्तर येईपर्यंत ते अ‍ॅसबेस्टॉसचेच आहेत असे धरून चालावे. त्यांना भोक पाडू नये, ब्रशने घासू नये, दाबाच्या पाण्याने धुऊ नये, खाली पडलेली भुकटी कोरड्या झाडूने झाडू नये. पत्रे शाबूत असतील तर घाई नाही. न हलवलेला शाबूत पत्रा तोडलेल्या पत्र्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित असतो. उतरवायचेच ठरले तर प्रशिक्षित माणसांकडून, भिजवून, अखंड उतरवावेत आणि दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये बांधून परवानाधारकाच्याच हवाली करावेत. तोंडावर रुमाल बांधल्याने काही साधत नाही. योग्य मुखवटासुद्धा दाढीवर घट्ट बसत नाही, हे आपल्यातील दाढीधारी मंडळींनी लक्षात ठेवावे. खर्च येईल. माझा वाटा मी आजच सचिवसाहेबांकडे दिला आहे.

तरुणांना माझी विनंती आहे की, श्रमदान रद्द समजू नका. ठरलेल्या दिवशी जरूर या, फक्त हातोड्याऐवजी वही आणा. आपल्या समाजातील कितीतरी ज्येष्ठांनी गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यांत, जहाजांवर नोकऱ्या केल्या आहेत. त्यांच्या घरी जा. कोणते काम केले, किती वर्षे केले, धूळ होती का, कपडे कोठे धुतले जात, हे विचारून लिहून घ्या आणि ती चिठ्ठी त्यांच्या औषधांच्या कागदांत ठेवा. कोणाला दम लागत असेल, खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना ती चिठ्ठी दाखवा. धूम्रपान करणाऱ्यांना ते सोडण्याची गळ घाला, कारण अ‍ॅसबेस्टॉस आणि तंबाखू मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढवतात.

आणि हे सारे केवळ पुरुषांना विचारून थांबू नका. घरातील आजींनाही विचारा की, आजोबांचे कपडे कोण धूत असे. आमच्या आईला तो प्रश्न कोणी विचारला, तेव्हा उत्तर देणारे आम्ही होतो, आणि आम्हांला काहीच ठाऊक नव्हते.