सहा महिने थांब?

(मंडळाच्या गणेशोत्सव कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी बाहेरगावचे विद्वान बोलतात. यंदा कार्यकारिणीनं घरच्याच माणसाला उभं केलं आहे. आम्ही पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, राज्य शासनाचे नोकर. विद्वत्ता आमच्याकडे नाही. म्हणून आमच्या कामाबद्दलच बोलतो.

आपल्या इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं पुण्याला, बंगळूरला 'बिझनेस अॅनालिस्ट' आहेत. ती नेमकं काय करतात हे मात्र आईवडिलांना शेजाऱ्यांना सांगता येत नाही. सोपं आहे. एखादं काम संगणकावर आणायचं असलं की ज्यांचा त्या कामाशी संबंध आहे त्या सगळ्यांचं ऐकायचं, कायदा काय म्हणतो ते पाहायचं, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगायचं. सरकारी कार्यालयात आम्हीही हेच करतो. पदाचं नाव वेगळं आणि पगार वेगळा, एवढाच फरक.

अडचण कुठे येते? माणसांना एक हवं असतं आणि कायदा दुसरंच सांगतो, तिथे.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती खोटी ठरावी म्हणून २०१० साली मध्य प्रदेशानं लोकसेवांच्या हमीचा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ठरवून दिलेली सेवा ठरलेल्या दिवसांत द्यायची. नाकारायची असेल तर कारण लेखी कळवायचं. अर्ज नाकारला किंवा मुदत टळली तर अर्जदाराला ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्या निर्णयावर ६० दिवसांत दुसरं. योग्य कारण नसताना उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्यातून अर्जदाराला भरपाईही देता येते.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात दाखल्यांचं काम नव्यानं संगणकावर घ्यायचं ठरलं. कार्यालयाचं नाव घेत नाही. कोणकोणत्या सोयी हव्यात याची यादी करायला आम्हा तिघांना बसवलं: आवक शाखेतले एक वयस्क बाबूजी, काउंटरवरची एक ऑपरेटर ताई आणि आम्ही.

बैठकीत प्रत्येकाचं म्हणणं रास्त होतं. बाबूजी म्हणाले, "लोक अर्धे कागद आणतात आणि दंडाची तलवार आमच्या डोक्यावर." साहेबांना महिन्याच्या अहवालात मुदत टळलेलं एकही प्रकरण नको होतं. प्रोग्राम करणाऱ्या मंडळींना काम लवकर संपवायचं होतं. चर्चेतून एक बटण निघालं, 'त्रुटीसाठी परत'. ते दाबलं की अर्ज अर्जदाराकडे परत जायचा आणि त्यानं कागद जोडून पुन्हा दिला की दिवसांची मोजणी शून्यापासून सुरू व्हायची. सगळे खूष! आम्हीही यादीत ते बटण लिहिलं आणि सही केली.

ते बटण वाईट हेतूनं आलं नव्हतं, हे लक्षात घ्या. चांगल्या माणसांनी, आपापली अडचण सोडवायला आणलं होतं.

चाचणी सुरू असताना एक आजी काउंटरवर आल्या. नातवाच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. पहिल्यांदा अर्ज परत गेला तो एका कागदाची प्रत पुसट म्हणून. दुसऱ्यांदा पत्त्याचा पुरावा जुना म्हणून. तिसऱ्यांदा शपथपत्रावरचं नाव आणि शाळेच्या कागदावरचं नाव यांत एका मात्रेचा फरक म्हणून. पडद्यावर त्यांचं प्रकरण हिरव्या रंगात होतं, 'मुदतीत'. प्रवेशाची तारीख मात्र उलटून गेली होती. आजी चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भैया, एकदाच सगळं सांगितलं असतं तर मी एकदाच आणलं असतं."

त्या दिवशी ताईंनी जेवणाचा डबा उघडला नाही.

आम्ही मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. कायदा मुळातून वाचला. तोवर सगळे जण 'नियमात असं आहे' म्हणत होते, पण पुस्तक कुणी उघडलं नव्हतं. कलम ५ मध्ये सरळ लिहिलं आहे की मुदत अर्ज दिल्याच्या तारखेपासून सुरू होते आणि अर्जाची पोच द्यावी लागते. नियमांत पुढची सोयही आहे. एखादा कागद कमी असेल तर कोणता कमी ते पोचपावतीवरच स्पष्ट लिहायचं, आणि अशा पावतीवर मुदतीची तारीख टाकायची नाही. म्हणजे बाबूजींच्या अडचणीचा विचार कायद्यानं आधीच केला होता. पण त्याची जागा पहिल्या दिवशी, काउंटरवर. मागाहून पुन्हा पुन्हा नाही.

मग आम्ही एक कोरा कागद घेतला आणि तीन रकाने आखले. पहिला, कायदा काय सांगतो. दुसरा, वरिष्ठांचं परिपत्रक काय सांगतं. तिसरा, आपली जुनी पद्धत काय. ज्याला आम्ही 'नियम' म्हणत होतो त्यातलं बरंचसं तिसऱ्या रकान्यात गेलं! पहिल्या रकान्याला हात लावता येत नाही. दुसऱ्यासाठी वर पत्र लिहिता येतं. तिसरा मात्र आपणच बदलू शकतो.

बटण काढायचं म्हटल्यावर साहेब नाराज झाले. "अहवाल लाल होईल. उत्तर कोण देणार?" कायदा दाखवून माणूस गप्प होतो, पटतंच असं नाही. म्हणून आम्ही विचारलं, "सर, आपल्याला नेमकी भीती कशाची आहे?" भीती अपुऱ्या कागदांमुळे होणाऱ्या दंडाची होती. बटण हे त्या भीतीवरचं एक औषध होतं, आणि दुसरंही असू शकत होतं. ताईंनी काउंटरसाठी कागदांची यादी केली. अर्ज घेतानाच एकेका कागदावर खूण, जे कमी ते सगळं एकदम पावतीवर. कागद पूर्ण झाले की तारीख पडेल, आणि पडलेली तारीख कुणालाही मागे नेता येणार नाही. नंतर अर्ज नाकारायचाच असेल तर कारण लिहा, म्हणजे अर्जदाराला अपिलाची वाट मोकळी राहील. कोणती मागणी का स्वीकारली आणि का नाकारली, हे एका पानावर लिहून साहेबांची सही घेतली. त्यांनी केली. थोडा वेळ घेतला, पण केली.

पुढचे काही महिने अहवाल लाल होता. काउंटरवर रांग वाढली, ताईंनी बोलणी खाल्ली. मग हळूहळू सावरलं. आजींच्या नातवाचं ते वर्ष मात्र परत आलं नाही. त्या यादीवर आमची सही होती, हे आम्ही विसरलेलो नाही.

हे आज इथे का सांगितलं? आपल्या मंडळातही हेच घडतं. तरुणांना कार्यक्रम रात्री बारापर्यंत हवा, ज्येष्ठांना दहाला शांतता हवी. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. सणासाठी ही सवलत रात्री १२ पर्यंत, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते, पण ती राज्य शासनानं द्यायची, आपण मनानं घ्यायची नाही. मग वाद कशाला? मुलांना विचारा, बारापर्यंतच का हवं? कुणाची नाटकाची तालीम उशिरा संपते, कुणी नोकरीवरून आठला घरी येतो. कार्यक्रमांचा क्रम बदलला तर दहाच्या आत त्यांचंही होतं.

आणि एक विनंती. बैठकीत एक खुर्ची रिकामी ठेवा. निर्णयाचा त्रास ज्याला होणार आहे आणि जो बैठकीला आलेला नाही, त्याची ती खुर्ची. कधी ती शेजारच्या घरातल्या आजारी माणसाची असेल, कधी बारावीच्या मुलीची. आमच्या त्या पहिल्या बैठकीत अशी खुर्ची असती, तर तिच्यावर आजी बसल्या असत्या आणि ते बटण यादीत आलंच नसतं.

विघ्नहर्ता सर्वांना सद्बुद्धी देवो, आणि आम्हा सरकारी नोकरांना थोडी जास्त देवो, एवढंच मागतो.

गणपती बाप्पा मोरया!