घरची सुतारशाळा आणि विजेची हत्यारं



आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लाकडाचं नवल नाही. पांढरकवडा, घाटंजी, पुसद या बाजूला सागाचं जंगल आहे, बांधावर बाभूळ आणि निंब आहे. सुताराला आपल्याकडे वाढई म्हणतात. वाकस, रंधा, पटाशी, करवत आणि दोरीनं फिरणारा सामता, एवढ्या सामग्रीवर तो बंडीचं चाक उभं करीत असे. पुढे वखर-डवरे लोखंडाचे झाले, ट्रॅक्टर आला, आणि वाढयाचं काम दारं, चौकटी, पलंग, देवघर आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल यांच्याकडे वळलं. त्याबरोबर विजेची हत्यारंही घरात आली. वाढयाच्याच नव्हे, हौशी माणसाच्याही. मी स्वतः कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, पण घरामागच्या पडवीत माझीही थोडीफार सुतारकी चालते. त्यामुळे ओळखीचे लोक विचारतात, "सर, चार पैसे जमले आहेत, आता पुढचं कोणतं मशीन घेऊ?"

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मोठी मोटार असते. मी उलट विचारतो, "लाकूड कशानं कापता?" दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर येतं, "कटरनं." तर मग आधी तो कटर बदला, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीचं नंतर.

कटर म्हणजे फरशी कापायचं यंत्र. त्याला चार इंची दातेरी पातं लावलं की लाकूडही कापतं. स्वस्त आहे, हलका आहे, कुठेही मिळतो, म्हणून देशभर सुतारांच्या हाती तोच दिसतो. पण तो ज्या कामासाठी घडवला ते काम निराळं. फरशीचं पातं बिनदाती असतं, ते घासून कापतं. त्यामुळे यंत्राला वेग भरपूर दिलेला असतो, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. आता त्रैराशिक मांडू. पातं ११० मिलिमीटरचं, म्हणजे त्याचा परीघ सुमारे ३४५ मिलिमीटर. तेरा हजार फेऱ्यांनी गुणलं तर दात्याचा वेग सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर येतो. लाकडासाठीच बनवलेल्या सात इंची गोल करवतीचे फेरे पाच हजारांच्या आसपास असतात, आणि तिच्या दात्याचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटर भरतो. शिक्षक मित्रांनी हे गणित फळ्यावर जरूर घालावं, मुलांना परीघाचं सूत्र विसरायचं नाही.

नुसता वेगच असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण कटरच्या पात्याचा खालचा अर्धा भाग उघडा असतो. लाकडाच्या करवतीला खाली स्प्रिंगचं झाकण असतं. करवत लाकडात शिरली की ते मागे सरतं, बाहेर आली की आपोआप मिटतं. कटरला ते नाही. शिवाय बहुतेक कटरचा खटका दाबून अडकवून ठेवता येतो. हातातून यंत्र सुटलं तरी पातं फिरतच राहतं आणि ते मांडीवर पडलं तर काय होईल ते मी सांगायला नको.

याहून वाईट चाल म्हणजे कटर पाट्याखाली उलटा बसवून वर पातं काढायचं आणि त्यालाच टेबल म्हणायचं. या टेबलावर फळी उभी चिरताना काय घडतं ते नीट समजून घ्या. पात्याचे पुढचे दाते फळीला खाली दाबतात, मागचे दाते वर उचलतात. चिरलेल्या फळीच्या दोन फाका आतल्या ताणामुळे कधीकधी जवळ येतात आणि पात्याला मागून चिमटतात. तसं झालं की मागचे दाते फळी उचलून तुमच्याच छातीकडे फेकतात, आणि फळी ढकलणारा हात आधार सुटल्यामुळे पात्यावर जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडून जातं. माणूस जपून होता की नव्हता याला तिथे फारसा अर्थ राहत नाही. यावर उपाय साधा आहे. पात्याच्या पाठीमागे, पात्याच्याच रेषेत एक उभी पोलादी पट्टी असावी लागते. ती फाका मिटू देत नाही. टेबल-करवत घ्यायची असेल तर ही पट्टी आहे का, पात्यावर झाकण आहे का आणि बंद करायचा खटका गुडघ्याशी की टेबलाच्या पोटात, एवढं आधी पाहा. मोटारीचे वॅट मग विचारा. शेवटचा वीतभर तुकडा ढकलायला हात नको, खाच पाडलेली काठी वापरा. हातमोजे घालू नका, पातं मोज्यासकट बोट ओढून नेतं. गळ्यातला दुपट्टाही खुंटीला टांगून ठेवा.

आता विजेकडे येऊ. रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले की गावात दाब उतरतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. २३० व्होल्टच्या जागी १८० मिळाले, तर साध्या इंडक्शन मोटारीचा जोर किती उरतो? जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हिशेब केला तर शेकडा ६१ उरतो. मोटार गुरगुरते, फिरत नाही, तापते आणि तिचं वाइंडिंग जळतं. मालक मग दुकानदाराला बोल लावतो. अशा वेळी मोठी मोटार आणून काही साधत नाही. ती तारेतून आणखी करंट ओढते आणि दाब आणखी पाडते.

म्हणून दुसरा खर्च तारेवर करा. १६०० वॅटचं यंत्र सुमारे ७ अँपिअर ओढतं. घरापासून पडवी ३० मीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर असेल तर जवळजवळ १० व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात. अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर तीनच. सुरू होतानाचा झटका याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा हा फरक आणखी जाणवतो. गुंडाळी करून ठेवलेली वायर तशीच वापरू नये, ती तापते; पूर्ण उलगडावी. आणि पडवीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आर.सी.सी.बी. बसवून घ्यावं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून काम करणाऱ्याचा जीव त्यानं वाचतो. काही यंत्रांना दोनच पिना असतात, त्याला घाबरायचं कारण नाही. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचं आहे, त्याला अर्थिंग लागत नाही.

पातं हा तिसरा खर्च. साग हाताला मऊ लागतो, पण त्याच्या अंगात वाळूसारखी सिलिका असते. ती धार खाते. साध्या पोलादाचं पातं लवकर बोथट होतं, मग आपण जोर लावतो, लाकूड करपतं, मोटार तापते. कार्बाइडच्या दात्यांचं पातं घ्यावं आणि त्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना ते पाहावं. खरं सांगायचं तर कितीतरी जुनी यंत्रं केवळ बोथट पात्यापायी भंगारात जातात. धारेचे पैसे वाचवणारा माणूस मोटारीत ते घालवतो.

धुळीकडे मात्र आपल्याकडे कुणी बघतच नाही. हाताच्या करवतीचा भुसा जड असतो, खाली पडतो. यंत्राची, विशेषतः घासायच्या मशीनची, धूळ पिठापेक्षा बारीक असते आणि तासन् तास हवेत तरंगते. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं फर्निचरचं गाव आहे. तिथल्या परिसरातल्या कामगारांत नाकाच्या कर्करोगाचं प्रमाण असाधारण असल्याचं ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ मुखपट्टी लागते, आणि घासायचं काम उघड्या अंगणात, वारा पाठीवर घेऊन केलेलं बरं. कानाचंही तसंच. कापसाच्या जिल्ह्यातला माणूस म्हणून सांगतो, कानात कापूस कोंबून यंत्राचा आवाज थांबत नाही. कानात बसणारे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात.

हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर ड्रिल, रंधा मशीन, जे हवं ते घ्या. मोठा आरा बसवायचा विचार असेल तर मात्र आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन या. सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशापासून आरामशिनींवर कडक नजर आहे, आणि आपला जिल्हा जंगलाचा. सागाच्या लाकडाचे कागदही जवळ असू द्यावेत.

पैशाचा प्रश्न खरा आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत सुतार पहिल्यानं येतो. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची आखणी आहे. एका कुटुंबात एकालाच लाभ, आणि सरकारी नोकरीच्या घराला तो नाही. तेव्हा गुरुजींनी स्वतःसाठी अर्ज करू नये, पण गावच्या वाढयाचा अर्ज भरून द्यायला हरकत नाही. माझं म्हणणं इतकंच, की त्या पंधरा हजारांत सहा चमकदार यंत्रं बसवायचा मोह धरू नये. झाकणाची एक चांगली करवत आणि दोन कार्बाइडची पाती आधी घ्यावीत. वायर आणि आर.सी.सी.बी. यांचा खर्च पदरचा करावा लागला तरी करावा.

शाळांबद्दल दोन शब्द. १९३७ च्या ऑक्टोबरात शेजारच्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार तिथे मांडला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सुतारकामासारख्या उद्योगांची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दहा दिवसांत मुलांच्या हाती कटर देऊ नका. गावच्या वाढयाला मानानं शाळेत बोलवा. तो गुण्या लावून काटकोन दाखवील, हातकरवत, कानस आणि पॉलिशपेपर देईल. दहा दिवसांत एका वर्गाचा तान्ह्या पोळ्याचा एक लाकडी बैल सहज होतो, चाकांसकट. चाकांची भोकं पाडायला ड्रिल लागलंच तर ते वाढयानं किंवा गुरुजींनी चालवावं, आणि तेव्हा मुलांना चार पावलं मागे उभं करावं.