लाल विंचू आणि हृदयाचा लगाम

मंडळी, बिबवेवाडीतून सकाळी पर्वती चढायला जाणारे बरेच जण इथे असतील. वर पोचल्याबरोबर मनगटावर बोटं ठेवा, नाडी जोरात पळत असते. थोडा वेळ बसलात की ती आपोआप खाली येते. ती कोण उतरवतं?

हृदयाला स्वतःची गती आहे. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका आहे. त्याला कुठल्याही मज्जातंतूचा हुकूम नसला, तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. आपली नाडी ७०च्या आसपास राहते, ती व्हेगस नावाच्या मज्जातंतूने लगाम ओढून धरल्यामुळे. चढ लागला की आधी हा लगाम सैल होतो. मग सिंपथेटिक मज्जातंतू आणि अ‍ॅड्रिनॅलिन कामाला लागतात.

आपण नाडीकडे फार पाहतो. रक्तदाब सांभाळण्याचं मोठं काम मात्र रक्तवाहिन्यांच्या भिंती करतात. तुम्ही उभे राहता तेव्हा अर्धा लिटरभर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. जबड्याखाली मानेतली धमनी जिथे दुभंगते, तिथे ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. महाधमनीच्या कमानीतही आहेत. दाब घसरल्याची खबर ती मेंदूच्या तळाशी पोचवतात. काही सेकंदांत नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि डोक्याला रक्त मिळत राहतं. याच दोन जागांचा श्वासावर कसा परिणाम होतो हे उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं.

ही यंत्रणा कोलमडली तर काय होतं, ते आपल्या कोकणाने पाहिलं आहे. महाडच्या परिसरात लाल विंचू चावलेली मुलं दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे सरकारी नोकरीत आले आणि या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. आधी उलट्या आणि दरदरून घाम. मग हातपाय थंडगार, दाब चढलेला, नाडी धावती. शेवटी फुप्फुसांत पाणी, तोंडाला फेस. या लक्षणांवरचा त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका तालुक्याच्या डॉक्टरचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं मिटू देत नाही. त्यामुळे ते थांबायचं विसरतात. सिंपथेटिक मज्जातंतू सतत रसायनं ओततात, रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात. मानेतली टोकं दाब वाढल्याचं ओरडून सांगतात, पण त्या पुरात ते ऐकलं जात नाही. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध पंप करता करता हृदय थकतं आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं.

बावस्करांनी यावर रक्तदाबाची एक जुनी, स्वस्त गोळी वापरली, प्राझोसिन. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ज्या जागी आवळण्याचा निरोप पोचतो, तीच जागा ही गोळी अडवते. वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांतले बरेच जण जात, ते प्रमाण या गोळीने अगदी कमी झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येईल असा हा उपाय होता. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बावस्कर दांपत्याने दाखवलं, की सोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो.

गोळी दिल्यावर एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी लागते. मुलाला आडवंच ठेवायचं, उचलून कडेवर घ्यायचं नाही. रडणारं लेकरू आईने उचलू नये, हे सांगणं सोपं नसतं. पण रक्तवाहिन्या आवळण्याची वाटच अडवली आहे. मूल उभं धरलं तर रक्त पायांकडे उतरेल आणि दाब एकदम कोसळेल.

इथल्या ज्येष्ठांपैकी काहींना प्रोस्टेटसाठी याच जातीच्या गोळ्या चालू असतील. रात्री लघवीला जाताना तडक उठू नका. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पावलं वरखाली हलवा, मग भिंतीचा आधार घेऊन उभे राहा. तरीही डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, आणि आडवं असताना व उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळचा दाब मोजून घ्या.