वळिवड्याची छावणी : टिकून राहण्याचे शौर्य



युद्धातील शौर्य म्हटले की आपणा रायगडकरांच्या डोळ्यांपुढे माणगावचा पुतळा उभा राहतो. पळसगावचे यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील बाकीचे सारे मशीनगनच्या माऱ्यात मारले गेले किंवा जायबंदी झाले. तेव्हा हा बावीस वर्षांचा गडी एकटाच त्या ठाण्यावर धावून गेला, ते त्याने निकामी केले, आणि तेथेच त्याला वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे शौर्य घटकाभराचे, पण लखलखीत. ज्याला वर्षानुवर्षे पुरावे लागते, अशा दुसऱ्या एका शौर्याबद्दल मी आज बोलणार आहे.

घाडगे ज्या इटलीत पडले, त्याच इटलीत पोलंडचे सैन्यही लढत होते. 18 मे 1944 रोजी माँते कासीनोच्या टेकडीवरील मठावर त्यांनी आपले निशाण लावले. त्या सैनिकांपैकी कित्येकांच्या बायका, आया आणि मुले त्या वेळी कुठे होती, ठाऊक आहे? आपल्या कोल्हापुराजवळ, वळिवड्याला!

ती तेथे कशी आली, हे सांगितले पाहिजे. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरने आणि पूर्वेकडून स्टालिनने झडप घातली. फेब्रुवारी 1940 पासून पूर्व पोलंडातील लाखो माणसांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आले. तेथे लाकूडतोड, उपासमार आणि थंडी. देवाचे नावही चोरून घ्यावयाचे. पुढे 1941 साली हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली आणि त्यांतून जनरल आंडर्स यांनी सैन्य उभे केले. 1942 साली सैनिक व नागरिक मिळून सुमारे 1 लाख 15 हजार माणसे इराणात उतरली. पुरुष लढाईवर गेले. उरलेल्या बायकामुलांतील सुमारे 5 हजार जणांसाठी 1943 साली वळिवड्याला छावणी उघडली, ती 1948 पर्यंत चालली.

या छावणीत काय होते? बराकींच्या रांगा होत्या, दवाखाना होता, अनाथ मुलांचे घर होते, शाळा होत्या, बालवीरांची पथके होती, नाटके होती. आणि या सर्वांच्या मधोमध प्रार्थनामंदिर होते. ही माणसे रोमन कॅथलिक पंथाची. ज्या बाईचे मूल सैबेरियाच्या बर्फात पुरले गेले, नवरा इटलीत आहे, त्याचे पत्र महिनोन् महिने नाही, ती बाई सकाळी उठते, प्रार्थनेला जाते, आणि मग मुलांच्या वेण्या घालून त्यांना शाळेत धाडते. असे पाच वर्षे! मी याला शौर्य म्हणतो.

मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा नववीत सुटली. पुढचे सारे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटाने केले. त्या कपाटाने मला शिकवले होते की प्रार्थना ही दुबळ्यांची गुंगी. ते मी पुष्कळ वर्षे खरे मानले. मग रोह्याकडच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. पहिला महिना घोषणांचा गेला. चौथ्या महिन्यात गेटवर दहा माणसे जमेनात. कोणी गावी गेला, कोणी गुत्त्यात बसला. परंतु आमच्यातला एक ख्रिस्ती फिटर रोज आठाच्या ठोक्याला, धुतलेला गणवेश घालून, डबा घेऊन गेटवर हजर. मी एकदा चिडून विचारले, ‘‘काम नाही, पगार नाही, मग हा थाट कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘भाऊ, सकाळी देवाकडं फक्त आजचा दिवस मागतो. मिळाला की तो नीट वापरायला नको?’’

मी हसलो होतो. त्या रात्री मात्र मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही गेटवर हजेरीचे बुक ठेवले आणि एक सामायिक चूल पेटवली. अकरा महिने आम्ही टिकलो. शेवटी तडजोड झाली. सगळेच काही आत गेले नाहीत, हेही मी कबूल करतो. पण त्यानंतर कोणाच्या प्रार्थनेला मी हसलो नाही.

येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत मागणी आहे ती आजच्या भाकरीची, आणि लगेच, आपण इतरांना क्षमा करतो तशी आपल्यालाही क्षमा मिळण्याची. उद्याचे कोठार त्यात मागितलेले नाही. आपल्या पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ काढले, ते काही उगाच नव्हे.

येथे कोणी विचारील, या श्रद्धेने त्यांची मुले वाचली का? नाही वाचली. त्यांचे घर तरी परत मिळाले का? तेही नाही. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्ता येथे तीन बड्यांनी पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकला. पोलिश जवान जिंकणाऱ्या बाजूने लढले आणि तरी त्यांच्या कुटुंबांचे गाव नकाशावर दुसऱ्याच देशात गेले. ही बातमी वळिवड्याच्या बराकीत ऐकणाऱ्या माणसाची मी कल्पना करतो, आणि माझा शब्द खुंटतो. तरीसुद्धा शाळा चालू राहिल्या. श्रद्धेने संकट टाळले नाही. संकटात माणसाला माणूस म्हणून उभे ठेवले. त्यांच्यातील काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. नुसत्या श्रद्धेवर हे झाले नाही. खर्च लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारने उचलला, जागा कोल्हापूरच्या मातीने दिली. उपाशी माणसाला धीराचा उपदेश करणे हे पाप आहे. आधी छप्पर आणि भाकरी, मग उपदेश.

1948 साली छावणी रिकामी झाली, तेव्हा त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आज ते गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. देव निराळा, भाषा निराळी. छप्पर तेच आणि जिद्दही तीच. आणि तिकडे वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे.

मित्रहो, माणगावच्या पुतळ्याला आपण वंदन करतो, ते योग्यच आहे. पण आपल्या आळीत एखादी बाई संकटात असूनही रोज सकाळी दारात सडा घालत असेल, तर तिलाही मनातून नमस्कार करा. आणि नमस्कार करून झाल्यावर, तिच्या घरात चूल पेटली आहे की नाही, तेवढे विचारा.