वीरगळ आणि आपला युद्धेतिहास
(वार्षिक संमेलनातील भाषण)



लढायांचा इतिहास आपण बहुधा ताम्रपट, बखरी आणि फर्माने यांवरून वाचतो. ही साधने मोलाची खरी. परंतु ती दरबारात सिद्ध झाली, आणि दरबाराला जय तेवढा आठवतो. रणात जो पडला त्याची आठवण गावाने ठेवली, ती दगडात. मारुतीच्या देवळामागे, पाराजवळ, तळ्याच्या काठी शेंदूर फासलेले जे उभे पाषाण दिसतात, त्यांतील पुष्कळसे वीरगळ आहेत. त्यांविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. तळच्या चौकटीत झुंज किंवा पडलेला वीर. तिच्यावर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. तळाशी गाई कोरलेल्या असल्या तर गोधन सोडविताना त्याला मरण आले असे समजावे. असे दगड थोडेथोडके नाहीत. राजांच्या स्वाऱ्या ग्रंथांत आल्या; वेशीवरची ही लढाई मात्र दगडावाचून कोणी नोंदविली नाही.

क्वचित दगडावर अक्षरेही असतात. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील शिलालेख पाहा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने 949 साली तक्कोलमच्या रणात चोळांचा पराभव केला. त्या युद्धात गंग राजा बूतुग याने चोळ राजपुत्र राजादित्य यास मारिले, असे हा लेख सांगतो. चोळांचे लेखही राजादित्याला हत्तीवर मरण आल्याचे मान्य करितात. दोन्ही पक्षांची साक्ष अशी जुळणे दुर्मिळच. गंमत अशी की, दगडावर चित्र कोरले आहे ते कुत्रा आणि रानडुक्कर यांच्या झुंजीचे! मणलेर नावाच्या योद्ध्याने बक्षीस म्हणून राजाजवळ ‘काळी’ नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे तो डुकराशी झुंजताना मेला. त्या कुत्र्याचे नाव हजार वर्षे टिकले. तक्कोलमला पडलेल्या पाइकांची नावे कोणास ठाऊक?

मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांची गोष्ट याहून निराळी. त्यांवर जमिनीवरच्या लढाईबरोबर आरमारी लढाई कोरली आहे. डोलकाठ्यांची आणि वल्ह्यांच्या रांगांची गलबते स्पष्ट दिसतात. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात 1265च्या सुमारास झालेले हे युद्ध, असे महामहोपाध्याय मिराशी यांचे मत. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे हेमाद्रीही सांगतो. उलट काही विद्वान हे दगड अकराव्या शतकातील मानितात. वाचता येईल असे नाव त्यांवर नसल्याने हा वाद मिटत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. ज्ञातीच्या सभांतून अलीकडे अमुक वीरगळ आपल्याच कुळातील पुरुषाचा, असे आवेशाने सांगितले जाते. अभिमान आम्हांसही आहे. पण दगडावरील ढालतलवार, घोडा वा छत्र यांवरून वीराचा दर्जा कळेल, जात कळणार नाही. ज्यावर अक्षर नाही त्यावर आपले आडनाव कोरणे म्हणजे त्या वीराला दुसऱ्यांदा मारणे होय. हे काहींस रुचणार नाही. तथापि ते सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

करावयाचे काम निराळे आहे. हे दगड ओढ्यावर धुणे धुण्यास, पायरीस, बांधास लागलेले आम्ही पाहिले आहेत. भक्तिभावाने तैलरंग फासून चित्र बुजविलेलेही पाहिले आहेत. जागचा दगड हलविला की निम्मी साक्ष गेली, कारण तो उताराशी होता की शिवेवर, यावरूनच लढाई कोठे झाली याचा अंदाज करावयाचा असतो. तेव्हा सुटीत गावी जाल तेव्हा दगडाची जागा, उंची, चौकटींची संख्या आणि गाई, घोडे, गलबते जे असेल ते वहीत टिपा, छायाचित्र घ्या, दगड मात्र हलवू नका. अक्षरे दिसली तर ती खरवडू नका. पुरातत्त्व खात्यास कळवा, आणि नोंदीची एक प्रत आपल्या मंडळाकडे पाठवा.