निवारा, रोजगार आणि भरवशाचे वाहन



संकटात सापडलेल्या कुटुंबाला अन्न, वस्त्र आणि निवारा हवा, हे समाजाने फार पूर्वीच ओळखले आहे. त्याच्या हाताला काम हवे, हेही आता सर्वमान्य झाले आहे. परंतु निवारा एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला असेल, तर मधले अंतर रोज कशाच्या बळावर कापायचे, हा प्रश्न मदतीच्या हिशेबात क्वचितच येतो. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास या प्रश्नाचे गांभीर्य दाखवून देतो.

लालबाग, परळ, वरळी या भागांत कामगारांच्या चाळी गिरण्यांच्या आसपासच होत्या. भोंगा वाजला की कामगार पायी निघे. बदली कामगाराला तर रोज गिरणीच्या फाटकाशी हजर राहावे लागे. कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला त्या दिवसाचे काम मिळे. उशीर झाला की रोजगार बुडाला. चाळीतील खोली लहान आणि गर्दीची असली तरी ती कामाच्या जवळ होती, हेच तिचे खरे मोल होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप लांबला आणि पुढे अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. कित्येक कामगारही पोटासाठी तेथे गेले. अनेक कुटुंबांनी चाळ सोडून दूरच्या उपनगरांत बिऱ्हाड थाटले. घर आणि काम यांची अशी ताटातूट झाली असता आधार राहिला तो लोकलचा, एसटीचा आणि बसचा. लोकलचा मासिक पास रोजच्या तिकिटांच्या मानाने पुष्कळ स्वस्त. त्यामुळेच अल्प वेतनावरील माणूस परवडेल तेथे राहून मुंबईत नोकरी करू शकला.

हा आधार तुटला म्हणजे काय होते, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. मार्चमध्ये थांबलेली लोकल १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. दुकाने हळूहळू उघडू लागली, परंतु तेथे काम करणाऱ्यांना रेल्वेची दारे बंदच होती. बसगाड्यांवर सारी भिस्त होती. जुलैमध्ये नालासोपारा स्थानकात संतप्त प्रवासी रुळांवर उतरले. त्यांना घर होते, कामही होते. नव्हते ते केवळ कामापर्यंत नेणारे वाहन.

गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्नही येथेच येऊन ठेपतो. कर्जतच्या मार्गावरील शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली. त्यावर जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी व त्यांच्या वारसांनी मुंबईतच घरे मागितली. हा केवळ हट्ट म्हणता येणार नाही. घराची किंमत भिंतींवरून ठरते, तशीच पहिली गाडी किती वाजता येते आणि रात्रपाळीनंतर परतीची गाडी मिळते की नाही, यावरूनही ठरते.

मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागाही तयार असतो. तरी धोटा फिरल्याशिवाय कापड होत नाही. निवारा आणि रोजगार यांच्यामध्ये वाहनाचे स्थान धोट्याचे आहे. धोटा अडखळला की वीण बिघडते. म्हणून वाहन नुसते असून भागत नाही, ते वेळेवर यावे लागते. वारंवार उशीर होणाऱ्याची नोकरी टिकत नाही, आणि नोकरी गेली की भाडे थकते.

येथे एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्यावी. नव्या नोकरीचा पगार महिनाअखेरीस हाती येतो, पास मात्र पहिल्याच दिवशी काढावा लागतो. ज्याच्या घरात काहीच शिल्लक नाही, तो याच ठिकाणी अडतो. शालेय शुल्क, औषधे आणि धान्य यांसाठी साहाय्य करणाऱ्या संस्थांनी अशा गरजूला पहिल्या तीन महिन्यांचा पास काढून दिला, तर थोड्या खर्चात एक संसार सावरू शकेल. घर मिळवून देताना स्थानकाचे अंतर पाहावे, काम मिळवून देताना परतीच्या गाडीची वेळ विचारावी. एवढी चौकशी मदतीआधी झाली, तर ती मदत वाया जाणार नाही.