मोटारीची राखण

उज्जयिनीच्या माधव नगरात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या फ्रीगंजात, घरापुढे उभ्या असलेल्या मोटारींची रांग हे रात्रीचे नेहमीचे दृश्य होय. जुनी घरे बांधली गेली तेव्हा मोटारीसाठी जागा राखण्याचा विचार फार थोड्यांनी केला असेल. शिंद्यांच्या राजवटीपासून येथे नांदत असलेल्या मराठी कुटुंबांच्या मोटारीही इतरांच्याप्रमाणे फाटकाबाहेरच रात्र काढतात. दोन वाजता हलविलेली मोटार तासाभरात देवासजवळ आग्रा-मुंबई महामार्गाला लागू शकते. मालकाला जाग येते ती सहाला.

तेव्हा एखादा गृहस्थ संरक्षक साधन घ्यावयास बाजारात जातो. दुकानदार समोर मांडतो त्या साऱ्या वस्तूंना एकच नाव देतो, पण त्यांची कामे निरनिराळी असतात. स्टिअरिंगला घालावयाचा लोखंडी दांडा चोराचा वेळ खातो. इमोबिलायझर इंजिनच चालू होऊ देत नाही. जीपीएसचे यंत्र चोरी थांबवीत नाही. ते गेलेली गाडी कोठे आहे एवढेच सांगते. भोंग्याविषयी फारसे बोलावयास नको. पहिल्या आठवड्यात तो वाजला की शेजारी खिडकीशी येतात, दुसऱ्या आठवड्यात चिडतात, तिसऱ्या आठवड्यात कूस बदलून झोपतात.

यांपैकी इमोबिलायझरची योग्यता निर्विवाद आहे. किल्लीत एक बारीक चिप असते. तिचा संकेत जुळल्याखेरीज इंजिन चालू होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. नेदरलँड्समधील १९९५ ते २००८ या काळाच्या एका अभ्यासात अशा साधनामुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आपल्याकडील नव्या गाड्यांत तो बहुधा कारखान्यातूनच बसविलेला येतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी गाडीसोबतची पुस्तिका उघडून पाहावी. बाहेरून काही बसवावयाचेच असेल, तर पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलेच घ्यावे. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात अशा साधनासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, परंतु फार तर ५०० रुपये, सूट सांगितलेली आहे. सूट क्षुल्लक आहे. खरे मोल आहे ते त्या साधनाची कोणीतरी परीक्षा घेतली आहे, याला.

मात्र चोरही स्वस्थ बसलेला नाही. किल्ली खिशात असतानाच दार उघडणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत दोघे चोर मिळून काम करतात. एक घराच्या दाराशी उपकरण धरून आतल्या किल्लीचा संदेश टिपतो, दुसरा तो गाडीपर्यंत पोचवितो, आणि किल्ली जवळच आहे असे गाडीला वाटते. यावर उपाय अगदी घरगुती आहे. किल्ली घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी आणि तो डबा गाडीजवळ नेऊन दार उघडते का ते पाहावे. उघडले तर डबा बदलावा. या नव्या युक्तीपुढे जुना लोखंडी दांडाही पुन्हा उपयोगी पडतो, कारण संदेशाने फसणे त्याला ठाऊक नाही.

पण दांड्याची एक बाजू क्वचितच बोलली जाते. तो काचेतून दिसतो. तो पाहिलेला चोर घरी परत जात नाही. पुढच्या घरासमोरच्या गाडीकडे वळतो. एकाची गाडी वाचते ती पुष्कळदा शेजाऱ्याच्या गाडीच्या मोलाने. ज्या गल्लीत सकाळी दूध आणि वर्तमानपत्र एकमेकांच्या दारातून उचलून ठेवण्याचा परिपाठ आहे, तेथे ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेतील आहे. १९८६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात लोजॅक नावाचे रेडिओयंत्र प्रचारात आले. ते गाडीत लपविलेले असे आणि बाहेर त्याची कोणतीही खूण नसे. गाडी चोरीस गेली की त्याचा संदेश पोलिसांच्या गाड्यांतील यंत्रावर उमटे. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन अभ्यासकांनी १९९८ साली दाखवून दिले की, अशी यंत्रे वाढलेल्या शहरांत ज्यांच्याकडे यंत्र नव्हते त्यांच्याही गाड्यांच्या चोऱ्या घटल्या. कोणत्या गाडीत यंत्र आहे हे कळेना, म्हणून चोराला साऱ्याच गाड्यांचे भय वाटू लागले.

आपल्याकडील जीपीएस यंत्र उपग्रहांवरून ठिकाण काढते आणि मोबाइलच्या सिमवरून ते कळविते. तळघरात हा धागा तुटतो. संदेश दडपणारी उपकरणेही चोर बाळगतात. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, पुष्कळ यंत्रे केवळ सिमचे पैसे भरावयाचे राहिल्यामुळे मुकी झालेली असतात. यंत्राला स्वतःची बॅटरी असावी आणि ते सहज हाताला लागेल अशा जागी नसावे. सामान शोधण्यासाठी निघालेल्या एअरटॅगसारख्या चकत्या स्वस्त आहेत खऱ्या. पण पाळत रोखण्यासाठी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर सूचना देतात, आणि चोर हाही अनोळखी माणूसच असतो. ठिकाण सापडले म्हणून मालकाने मुलाला बरोबर घेऊन तेथे धावू नये. ते पोलिसांना कळवावे.

तक्रारीस विलंब लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. पोलिसांत वेळेवर नोंद झाली असेल, तर विमा कंपनीस उशिरा कळविले एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले आहे. तरीही विमा कंपनी पहिल्याच भेटीत गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. त्यांपैकी एक खुंटीला असते. दुसरी गेल्या दिवाळीत चालकाला दिली होती की फडताळात ठेवली होती, याचा शोध घरात गाडी जागेवर आहे तोवरच घेतलेला बरा.